बाहेरून आलेला व्यत्यय

माझी मावशी कापसावरच्या पाच प्रबंधांत आहे, आणि पाचही ठिकाणी तिचं नाव वेगळं आहे. एकात ती अडतीस वर्षांची, एकात बावन्न. एकात तिला तीन मुली आहेत, एकात दोन मुलगे. खरं तर तिला एक मुलगा आणि एक मुलगी, बस्स. ओळख लपवायची म्हणून संशोधक लोक असे बदल करतात. एकीने तर तिला चक्क विधवा करून टाकलं, आणि ते लिहिलं गेलं तेव्हा मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान, गोठ्यात उभं राहून खणखणीत आवाजात बैलांना शिव्या देत होते.

हे मला ठाऊक आहे, कारण पाचही जणांना मावशीच्या दारात नेऊन बसवणारी मीच. कापसाची वाईट वर्षं होती ती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते वाचून दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी झोळी, वही आणि सीलबंद पाण्याची बाटली घेऊन यवतमाळच्या बसस्टँडवर उतरायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांची. नुकतीच एम. ए. झालेली, वडील सरकारी कचेरीत, आणि हाताला काम नाही. इंग्रजी बरं होतं. तेवढ्यावर मी ‘स्थानिक सहायिका’ झाले. पाहुण्याला खेड्यात न्यायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं समजावून सांगायची. परदेशी पाहुण्यांचं सोपं होतं, इंग्रजीत सांगितलं की झालं. पुण्याहून आलेल्यांना मात्र मराठीचं मराठीत करून सांगावं लागायचं, आणि तरी ते माझ्याकडे संशयानं बघायचे.

आता राळेगाव तालुक्यात गावं काय थोडी आहेत? पण सकाळची यष्टी कळंबवरून दहाच्या सुमारास मावशीच्या गावात यायची आणि साडेतीनला परत फिरायची. स्टॉपपासून तिसरं घर मावशीचं. घरात संडास, त्याला आतून कडी, आणि चहा भरपूर दुधाचा. शहरातून आलेल्या बाईला आणखी काय लागतं? शिवाय मावशी बोलायची झकास, आणि माझं जेवण फुकटात व्हायचं. संशोधनाच्या भाषेत याला नमुना निवडणं म्हणतात. पुस्तकांत त्याच्या बऱ्याच पद्धती दिल्या आहेत. आमची पद्धत यष्टीच्या वेळापत्रकावर चालायची. त्यामुळे यवतमाळच्या शेतकरी बाईबद्दल जगाला जे काही माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं माझ्या मावशीचं म्हणणं आहे.

‘अवो, गावात दुसऱ्याबी बाया हायेत,’ ती म्हणायची. ‘मलेच किती पिळशीन?’

पण पाहुणी बसली की खुलायची. एका गोष्टीवर मात्र ती कुणापुढेच बोलली नाही. त्या वर्षांत गावातल्या दोन घरांवर जे कोसळलं, त्याबद्दल विचारलं की ती पदर सारखा करायची आणि म्हणायची, ‘ते त्यायच्या घरचं हाय. मी नाई सांगत.’ मग पाहुणी वहीचं पान उलटायची.

मावसाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना लकवा मारला तो पहिल्यांदा जिभेवरच. शेवटचं सव्वा वर्ष ते एक शब्द बोलले नाहीत. एवढा बोलका माणूस! नुसते डोळ्यांनी बोलावायचे आणि डोळ्यांनीच रागवायचे. सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले ते त्यानंतर. त्यामुळे घरात त्यांचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. एका लग्नाच्या व्हिडिओत ते पंगतीत वाढताना दिसतात, तोंड सारखं चालू आहे, पण ऐकू येतो तो फक्त बँड.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मावशी माझ्याकडे आली. मी आता यवतमाळच्या कॉलेजात शिकवते, लोहाऱ्याच्या बाजूला राहते. तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा कान आधीच गेला होता. उजवाही निघालाय, डॉक्टर म्हणाले. वर्षभर धरून चाला, पुढे मशीनचाही फारसा उपयोग व्हायचा नाही. ऑटोत बसल्यावर मावशीनं विचारलं, ‘काय म्हणला तो?’ मी ओरडून सांगितलं. ऑटोवाल्यालाही कळलं, त्यानं हळहळून मान हलवली.

मावशीनं चौक येईपर्यंत रस्त्यावरची दुकानं बघितली. मग म्हणाली, ‘मंग त्याच्या आंधी एक काम कर. तू त्या मशीनवाल्या बाईले घेऊन येत होती नं? तिच्या मशीनीत तुह्या मावसाजीचा आवाज असनच कुठंतरी. मले एकदा ऐकव.’

‘मावशी, किती वर्षं झाली त्याला.’

‘तोंड दिसते मले त्यायचं,’ ती म्हणाली. ‘आवाज येत नाई. इसरली मी.’

हे ती भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं इतक्या सहज म्हणाली, आणि मला भर ऑटोत रडू फुटलं.

‘रडतं कायले?’ मावशी म्हणाली. ‘शोध.’

कॉलेजात मी मुलांना संदर्भ कसे शोधावेत ते शिकवते. म्हणून मला वाटलं, एका रविवारचं काम. विद्यापीठांचे, ग्रंथालयांचे, संशोधन संस्थांचे असे डिजिटल संग्रह आता घरबसल्या उघडतात. जिल्ह्याचं नाव टाकलं आणि जो पसारा समोर आला, त्यानं माझा रविवारच काय, अख्खा महिना खाल्ला.

इंग्रजांच्या काळचा कापसाचा एक अहवाल निघाला. त्यात पिकापेक्षा साहेबाच्या घोड्याच्या पोटदुखीबद्दल जास्त मजकूर होता. पावसाची कोष्टकं निघाली, सगळी उलटी स्कॅन केलेली. ती वाचायला मी लॅपटॉपच उलटा धरला. एका जुन्या नकाशावर राळेगावच्या जागी स्कॅन करणाऱ्याचा अंगठा होता, ठसठशीत, रेघांसकट. एका परिसंवादाची फाईल उघडली तर आत चर्चा नाहीच, दोन दिवसांच्या जेवणाचा बेत. दुसऱ्या दिवशी श्रीखंड. बोंडअळीचा चार मिनिटांचा मूकपट होता. कुणाच्या तरी वहीची पानं होती, त्यात मुलाखतीच्या मधोमध ‘साबण, सेल, मच्छर अगरबत्ती’ अशी यादी. संग्रहवाल्यांनी तीही जपून ठेवली होती.

आणि एक फोटो निघाला. कापसाच्या पऱ्हाटीत उभी असलेली वैतागलेली पोरगी, डोक्यावर ओढणी, खाली ओळ: ‘कापूस वेचणारी शेतमजूर, यवतमाळ.’ ती मी होते! ओढणी घेतली होती कारण ऊन होतं, आणि वैतागले होते कारण फोटो काढणाऱ्या इसमापायी आमची परतीची यष्टी चुकली होती. आयुष्यात मी बोंडभर कापूस वेचलेला नाही. मला असा राग आला, की त्याच तिरमिरीत फोटो छापून आणला आणि आईला दाखवला. आई म्हणाली, बरा आलाय की.

मग एकेक करून मावशी सापडायला लागली. नाव-वय काही असो, ती बोलली की मला कळायचं. एका वर्षी भाव नाही म्हणून सगळा कापूस घरातच भरून ठेवला होता, तेव्हा ती म्हणाली होती, ‘कापसानं अंगाले खाज सुटली. आता जावई येतो म्हणला तं त्याले काय गंजीवर बसवू?’ एका प्रबंधात हे जसंच्या तसं सापडलं. त्याच्या वरचं शीर्षक होतं, ‘साठवणुकीच्या मर्यादा आणि नातेसंबंधांवरील परिणाम’. मी मोठ्यानं हसले. पण तो सगळा कागद होता, आवाज नव्हता.

आवाज एकाच ठिकाणी असणं शक्य होतं. एक उंच परदेशी बाई एका हिवाळ्यात तीनदा आली होती, जेवणाच्या डब्याएवढा रेकॉर्डर घेऊन. गावानं तिचं नाव मशीनवाली बाई ठेवलं होतं. तिच्या विद्यापीठाच्या संग्रहात तिच्या मुलाखती आहेत असं कळलं, पण ऐकायला परवानगी लागत होती. अर्जात ‘संशोधनाचा उद्देश’ असा रकाना होता. मी खरं ते लिहिलं: मावशीला ऐकवणे. अर्ज परत आला, योग्य उद्देश लिहावा. मग मी लिहिलं: ग्रामीण स्त्रियांच्या मौखिक साक्षींमधील पार्श्वध्वनींचा अभ्यास. दुसऱ्याच दिवशी परवानगी मिळाली. तेही तसं खोटं नव्हतं म्हणा.

मावशीच्या तीन मुलाखती होत्या. तिन्ही मी कान देऊन ऐकल्या. मावशी आहे, कावळा आहे, यष्टीचा हॉर्न आहे, कुणीतरी पातेलं पाडलं तेही आहे. मावसाजी कुठेच नाहीत. असं कसं होईल? ते तर सारखे येत होते. मग मी सोबतची टिपणं उघडली. त्यात चार ठिकाणी एकच मजकूर होता: ‘बाहेरून व्यत्यय. पती मुलाखत थांबवण्याचा प्रयत्न करतो. सहायिकेने पतीला दूर नेले. ध्वनिमुद्रणातून वगळले.’ आणि प्रबंधात याच व्यत्ययावर अख्खं प्रकरण होतं, नवऱ्याची पाळत या विषयावर.

सहायिकेने म्हणजे मी.

झालं असं होतं, की नवरा समोर असला तर बायका मोकळं बोलत नाहीत, हे आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. बहुतेक घरांत ते खरंही होतं. म्हणून नवऱ्यांना दूर ठेवणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. कुणाला पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा आणायला पाठव, कुणाला शेजारच्या गावचा रस्ता विचार आणि दाखवायला बाहेर काढ. मावसाजींसाठी ठरलेलं वाक्य होतं: मावसाजी, तुम्ही जरा बैल बघून या ना. ते मुकाट्यानं जायचे. मशीनवाली बाई माझ्यावर बेहद्द खूष होती. निघताना तिनं मला शिफारसपत्र दिलं, ते फाईलमध्ये अजून आहे. ते आठवलं आणि मला स्वतःची शरम वाटली. ज्या आवाजासाठी मी महिनाभर धावाधाव करत होते, तो मीच हाकलून लावला होता.

मी मशीनवाल्या बाईला पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं, मावशीच्या कानाचंही. तिचं उत्तर चार दिवसांत आलं. ती आता निवृत्त झाली आहे. मावशीच्या हातची अंबाडीची भाजी तिला आठवत होती. तिनं लिहिलं, संग्रहात आहेत त्या कापलेल्या प्रती. मूळच्या, न कापलेल्या रेकॉर्डिंगच्या चकत्या एका खोक्यात पडून असतील, मी विचारते. ते खोकं सापडेपर्यंत उन्हाळा आला, त्यातला आवाज नव्या फाईलमध्ये उतरेपर्यंत पोळा झाला. दरम्यान मावशीचा फोन दर आठवड्याला यायचा. ‘सापडला काय माणूस?’ आधी ती स्वतः बोलायची. मग मी बोललेलं तिला फोनवर कळेनासं झालं आणि तिचा मुलगा मधे उभा राहून माझं म्हणणं तिच्या कानात ओरडायला लागला. प्रत्येक फोनगणिक त्याला आणखी जोरात ओरडावं लागत होतं, ते मला इकडे ऐकू यायचं.

तीन चकत्यांपैकी एकीतलाच आवाज शाबूत निघाला, आणि ती फाईल आली कॉलेजच्या वेळात. स्टाफरूममध्ये कोपऱ्यात बसून मी हेडफोन लावला. एक तास चाळीस मिनिटांची मुलाखत. सव्वा तास काहीच नाही. मी तेव्हा किती शुद्ध बोलायचे! माझाच आवाज मला सोसवेना.

‘घरातले निर्णय कोण घेतं?’ मी विचारते.

‘कायचे?’ मावशी म्हणते.

‘समजा, आज जेवायला काय करायचं.’

‘ते ठरवतेत. अन् मंग मी मले पाहिजे ते करते.’

आणि दाराची कडी वाजते.

‘झालं काय वो बेटा?’ मावसाजी!

‘मावसाजी, पाच मिनिटं. तुम्ही बैल बघून या ना.’

‘मशीन लावाच्या आंधीच दोनदा पाह्यले. आता बैलबी म्हणून राह्यले, का हा बुढा घडीघडी काहून येते.’ मशीनवाली बाई इंग्रजीत विचारते, काय म्हणतात? मी सांगते, काही नाही, जनावरांबद्दल. मावसाजी पुढे बोलतच असतात. ‘नाई, मी काय म्हणतो, दोन वाजून गेले. सकायपासून तिच्या पोटात एक कप चहा हाय. तिले जेवू द्या, मंग इचारा दिवसभर. तुमचं बोलणं मी काई ऐकत नाई, मी तिकडं बसतो. पण तिले जेवू द्या.’

‘पाच मिनिटं, मावसाजी,’ मी म्हणते.

‘बरं.’

चपला फटफटत दूर जातात. आणि मी, सूर जराही न बदलता, कागदावरचा पुढचा प्रश्न विचारते. ‘तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?’

‘मीच,’ मावशी म्हणते. ‘अजून कोण?’

हाच तो मुलाखत थांबवण्याचा प्रयत्न. मी हेडफोन काढला आणि तासाची घंटा होऊनही जागची उठले नाही.

एक मोह झाला, तो सांगून टाकते. मला आता आवाज कापता-जोडता येतो. माझं ते ‘पाच मिनिटं, मावसाजी’ दोन्ही ठिकाणांहून छाटलं असतं तर मावशीला नुसते मावसाजी ऐकू आले असते, आणि मी साळसूद राहिले असते. शनिवारी दुपारी बसून मी तसं एकदा करूनही पाहिलं. छान झालं होतं. पण एकदा माझ्यामुळे कापाकापी झालीच होती ना त्या बिचाऱ्यांची! मी ती प्रत पुसून टाकली.

रविवारी सकाळच्या यष्टीनं गेले. कळंबला गाडी बदलली. मावशी ओट्यावरच बसली होती, इस्त्रीचं पातळ नेसून, केसांना तेल लावून. कुणी भेटायला येणार असावं अशी तयारी. मी तिच्या उजव्या कानावर हेडफोन नीट बसवला, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि बटण दाबलं. एवढा वाढवला की शेजारी बसून मलाही सगळं ऐकू येत होतं.

कडी वाजली तशी तिनं खऱ्या दाराकडे पाहिलं. बैलांच्या वाक्याला तिचे खांदे हलले, ती हसत होती. ‘तिले जेवू द्या’ला तिनं माझं मनगट धरलं, आणि चपलांचा आवाज संपेपर्यंत सोडलं नाही.

‘परत लाव,’ ती म्हणाली.

परत लावलं. आणखी एकदा लावलं. मग तिनं हेडफोन थोडा सरकवला. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, साऱ्या आळीला कळेल असं म्हणाली, ‘तू इचारलं, शेवटी कोण जेवते. मी म्हणली, मीच. खोटं होतं ते.’

‘म्हणजे?’

‘आमी संगंच जेवत होतो. लग्न झाल्यापासून. मले घेतल्याबिगर तो माणूस पानावर बसत नसे. पण चार लोकाईत असं सांगतेत काय? लाज वाटे.’ ती पुन्हा हसली, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. ‘माह्या पोटाचं नुस्तं नाव. भूक त्यायलेबी लागली होती. वाट पाहून राह्यले होते माही. अन् तू पाच मिनिटं म्हणली, मंग अर्धा तास उठू देलं नाई.’

‘मावशी, मला माहीत नव्हतं गं.’

‘तुले कसं माहीत राहीन? तुह्या कागदात कुठं होतं ते?’ तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, आणि हेडफोन पुन्हा कानावर नीट बसवला. ‘लाव एकदा अजून. अन् या खेपेले त्यायले आत येऊ दे.’

मी बटण दाबलं. कडी वाजली, मावसाजी बैलांबद्दल बोलले, दोन वाजल्याचं बोलले. मग तेवीस वर्षांची मी, अगदी गोड, शुद्ध मराठीत म्हणाले, ‘पाच मिनिटं, मावसाजी.’